चालत निघू नका

२२ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी ह्यांची. औषध कंपनीचा माणूस दर वर्षी दवाखान्यात वाटायचा, त्यातली एक हे घरी आणायचे आणि अँब्युलन्सच्या फेऱ्या लिहायचे. कुठून, कुठे, पेशंट कसा. या वर्षीच्या जानेवारीपासून मात्र रोज एकच ओळ आहे, "गाडी बंद." दवाखान्याचा तातडी विभाग बंद झाला तेव्हा गावच्या परिषदेने गाडीही काढून घेतली, तरी हे रोज लिहीत राहिले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पानं कोरी आहेत. मला ती बघवत नाहीत, म्हणून आजपासून मी लिहिते.

मला लिहायची सवय नाही, वाचायची आहे. वाचायला मी लग्नानंतर शिकले, माझी मीच. दवाखान्याच्या बाकावरची जुनी मासिकं हे घेऊन यायचे. बहुतेकांची शेवटची पानं फाटलेली असायची, पोरं रडायला लागली की आया तीच फाडून हातात देतात. त्यामुळे अर्ध्या गोष्टींचे शेवट मला ठाऊकच नाहीत. हे म्हणायचे, "तूच लाव शेवट. तुझे बरे असतात." मी सगळ्यांना सुखरूप घरी पोचवायचे.

आज सिस्टर आली होती. ही ह्यांच्याबरोबर बावीस वर्षं गाडीत मागे बसायची. ती परिषदेच्या निवडणुकीला उभी आहे, तातडी विभाग परत सुरू करायचा या एकाच गोष्टीसाठी. हातात पत्रक होतं. त्यावर ह्यांचा गणवेशातला फोटो आणि खाली, "ज्याने सगळ्यांना पोचवलं, त्याला न्यायला कोणी आलं नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. हे गेले ते रेल्वेच्या फाटकापाशी, पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात नेताना, बेकरीवाल्याच्या गाडीत, पावाच्या रिकाम्या क्रेटांमध्ये आडवे. समोरून मालगाडी चालली होती आणि संपतच नव्हती. पण ते असं कागदावर, कोणाच्याही खिशात घडी होऊन जावं, हे मला सोसेना.

मी म्हटलं, "सिस्टर, हे नको."

तिने "का" म्हणून विचारलं नाही. पत्रकं पिशवीत परत घातली. म्हणाली, "ताई, मग मला दुसरी मदत कर. चढावरची म्हातारी माणसं तुझी आहेत. त्यांना शाळेपर्यंत आण."

२४ सप्टेंबर, बुधवार

मी काज-बटणाचं काम मास्तरांच्या दुकानात बसून करते. मास्तर म्हणजे आमचे शेजारी, शिंपी. हे गेल्यावर त्यांनीच मला बोलावलं. "वहिनी, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा इथे बसून काजं करा." त्यांची छाती आता साथ देत नाही. कात्री दोनदा चालवली की तिसऱ्यांदा दम खातात. जीभ मात्र कात्रीहून धारदार.

निवडणुकीचा नियम मी त्यांना विचारला. वर्तमानपत्रात वाचला होता, पण नीट उमगला नव्हता.

"सोपं आहे. तीन माणसांतल्या एकाने तरी मत द्यायला हवं. तेवढं मतदान झालं नाही तर निवडणूक रद्द, जागा रिकामी, आणि कारभार परिषदेच्या सभापतीच्या हातात."

"पण सिस्टरसमोर सभापतींचा माणूसच उभा नाही."

"म्हणून तर! तो कशाला उभा राहील? जिंकायला मतं लागतात, वहिनी. हाणून पाडायला लोकांची खुर्ची पुरते. त्याचा प्रचार काय? घरी बसा. आणि घरी बसा म्हटल्यावर आपल्या लोकांहून आज्ञाधारक जगात कोणी नाही."

मग खोकत खोकत हसले.

खरी अडचण अशी की मतदान शाळेत, शाळा टेकाडावर, आणि चढावरची आमची गल्ली टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला. मध्ये पायऱ्या. मधून रस्ता नाही, गाडीचा रस्ता लांबून वळसा घालून जातो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज टिल्लू आला. टिल्लू म्हणजे माझा मुलगा. लहानपणी इवलासा होता म्हणून गल्लीने नाव ठेवलं, आता माझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटतो तरी नाव तेच. त्याच्या दोन व्हॅन आहेत. काचकारखान्याची माणसं सकाळ-संध्याकाळ ने-आण करतो. गॅरेजच्या वरच बिऱ्हाड आहे.

मी चढावरच्या माणसांची अडचण सांगितली. तो पटकन म्हणाला, "एवढंच ना? त्या दिवशी रविवार. कारखाना बंद. दोन्ही गाड्या तुझ्या. सकाळी नऊपासून फेऱ्या मारतो."

"नक्की?"

"आई, बाबांसाठी एवढं नाही करणार का मी?"

सूनबाईही बरोबर होती. मी तिला म्हटलं, बघ, वडिलांवर गेलाय. ती हसली. सिस्टरला फोन केला तर तिने गिरणीच्या खोल्यांतली म्हातारी माणसंही टिल्लूच्याच गाड्यांवर टाकली. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल दारोदार फिरले. चढावर तरुण माणूस औषधालाही नाही, सगळे कामासाठी खाली गेले. वर उरलेत गुडघे.

बँडवाले काका आधी तयारच होईनात. एके काळी मोठं पितळी वाद्य खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालायचे. म्हणाले, "मी चालत येईन. दोन दिवस आधी निघेन फार तर."

"काका, चालत निघू नका. टिल्लूची गाडी येणार आहे."

"टिल्लूची? अरे वा. त्याच्या बापाच्या गाडीत मी दोनदा गेलोय. दोन्ही वेळा परत आलो."

दोघी जुळ्या बहिणी एका खोलीत राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. कारण कोणालाच आठवत नाही. थोरली मला म्हणाली, "तिला विचार, ती येणार का." धाकटी म्हणाली, "तिला सांग, मी आधीच तयार आहे." मी मध्ये उभी राहून दोघींना तेच सांगितलं. हळूहळू पायऱ्या चढू असं त्यांच्या मनात होतं, मी म्हटलं काही गरज नाही. कोपऱ्यावर दिव्याच्या खांबापाशी थांबा, गाडी येईल.

मग प्रत्येक दारात हेच सांगितलं. चालत निघू नका.

४ ऑक्टोबर, शनिवार

टिल्लूच्या शर्टाची बटणं लावून द्यायला गॅरेजवर गेले होते. बाहेर सभापतींची गाडी उभी. आत टिल्लू आणि सभापतींचा सेक्रेटरी चहा घेत होते. मला बघून टिल्लू उठलाच. "आई, अगं, ह्यांचं टायर बसलं होतं."

सेक्रेटरी फार अदबीने बोलला. ह्यांची आठवण काढली. म्हणाला, "तुमचा मुलगा पुढे जाईल."

चारही टायर मी जाताना बघितली, चांगली टणक होती. टिल्लूचं काम झटपट असतं.

वर सूनबाई कांदा चिरत होती. डोळे लाल. मी म्हटलं, कांदा पाण्यात भिजवून चिर. ती म्हणाली, "हो, आई."

९ ऑक्टोबर, गुरुवार

मास्तर स्वतःसाठी जाकीट शिवताहेत. उभा जन्म लोकांची मापं घेतली, स्वतःचं माप घ्यायला मला टेप धरायला लावली. छाती मी वाचली तर म्हणाले, "चुकलात. परत धरा." परत तेवढीच भरली. मग म्हणाले, "कापड वाचलं म्हणायचं."

करड्या रंगाचं, जाडसर, आतून रेशमी अस्तर. मी विचारलं, "मत द्यायला एवढा थाट?"

"माझ्या बायकोला तुमच्या ह्यांनी नेलं होतं. भर पावसात. वाटेत तिला विचारत होता, वहिनी, गाडी फार हलते का? मरणाऱ्या बाईला! ती मला म्हणाली, ड्रायव्हर चांगला आहे हो." त्यांनी सुईत दोरा ओवला, ओवता येईना, मी ओवून दिला. "मग नीटनेटकं जायला नको? लुंगी लावून जाऊ?"

काजं मी करणार असं ठरलं. पाच काजं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टिल्लू जेवायला आला. ताटात नुसती बोटं फिरवत होता. मग म्हणाला, "आई, समज, मतदान कमी झालं. काय आकाश कोसळणार आहे? विभाग तर बंदच आहे ना आता?"

"म्हणूनच तर चाललंय सगळं."

"तसं नाही. म्हणजे पलीकडच्या शहरात चांगला मोठा दवाखाना आहे. माणसाला वेळेवर पोचवलं तर बाबासुद्धा..."

मी म्हटलं, "वेळेवर कोण पोचवणार?"

त्याने ताट बाजूला सारलं. जाताना ह्यांची टोपी मागितली. गणवेशाची, खिळ्याला आहे ती. मी म्हटलं, राहू दे रे, तिच्याशिवाय भिंत ओकीबोकी दिसेल. त्याने टोपीवरची धूळ बोटाने पुसली आणि परत लावली. बापाची फार आठवण येते त्याला. बोलून दाखवत नाही इतकंच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जाकीट झालं. मास्तर घालून आरशासमोर उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, नवरदेव कसा?" मी म्हटलं, "नवरदेवाला दम कमी आहे, पण चेहरा चालेल."

टिल्लूला फोन केला. "नऊ वाजता ना?" "नऊ, आई." "डिझेल?" "आई, झोप आता."

१९ ऑक्टोबर, रविवार. मतदान

हे मी सोमवारी लिहिते आहे, पण पान रविवारचं आहे.

सकाळी शाळा उघडली तेव्हा मी दारात होते. आधी माझं मत दिलं. मग गाडी थांबते तिथे दोन खुर्च्या मांडल्या, उतरल्यावर टेकायला. गाव थंडच होतं. सिस्टर दारापासून कायद्याने ठरवलेल्या अंतरावर उभी, हात मागे बांधून. गाडीत बसायची तशीच ताठ.

साडेनऊला टिल्लूला फोन केला. "निघतोच आहे. एकाची हवा बघतोय." मी धाकट्या जुळीला फोन करून सांगितलं, थांबा, निघालाय.

अकराला केला. "आई, वाटेत आहे." मी परत सांगितलं, वाटेत आहे, जागेवरून हलू नका. ती म्हणाली, "मास्तर म्हणताहेत पायऱ्यांनी सुरुवात करू का?" मी म्हटलं, "त्यांना वेड लागलंय का? त्या छातीने? बसवून ठेव."

एकला केला. "डिझेलला रांग आहे." मी परत कळवलं.

मग त्याचा फोन बंद झाला.

मला वाटलं, अपघात. खरंच, माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी सूनबाईला फोन केला. ती म्हणाली, "तो बरा आहे, आई," आणि तिचा आवाज बसला. बरा आहे एवढंच मी ऐकलं, आणि जीव भांड्यात पडला. अजून तासभर तिथेच थांबले, रस्त्याच्या वळणाकडे बघत. तो तास मला कोणी परत देणार नाही.

चार वाजून गेल्यावर पायऱ्या उतरून खाली गेले.

सगळे होते. दिव्याच्या खांबाभोवती आपापल्या घरच्या खुर्च्या, स्टुलं, एक उलटी बादली. धुतलेले कपडे. दोघी जुळ्या एकाच बाकावर, मध्ये पिशवी ठेवून. बँडवाले काकांच्या कोटाला कधीकाळचं पदक. आणि मास्तर करड्या जाकिटात, सगळी बटणं लावलेली.

बँडवाले काका म्हणाले, "आली का?"

मी म्हटलं, "चला. चालत जाऊ."

"अगं पण गाडी?"

"चला."

थोरली जुळी म्हणाली, "तूच म्हणालीस ना, निघू नका? मग मध्येच गाडी आली म्हणजे चुकामूक व्हायची." त्यांना माझ्या शब्दावरून उठवायला माझाच शब्द पुरेना. सकाळपासून तीनदा तो मी घट्ट केला होता. अखेर निघालो. एकमेकांना धरून. दहा पायऱ्या, मग बसणं. दहा पायऱ्या, मग बसणं. काकांनी तालासाठी तोंडाने बँड वाजवला, अर्ध्यावर तोही थांबला.

वरून मतदान संपल्याची शाळेची घंटा ऐकू आली तेव्हा आम्ही निम्म्याच्या थोडे वर होतो. शिपाई ती रोज वाजवतो तशीच वाजवत होता, पोरांना सोडताना.

मास्तर पायरीवर बसले होते. त्यांनी वरचं एक बटण काढलं. म्हणाले, "वरातीमागून घोडं, वहिनी. आणि घोडंही आपणच."

कोणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. उतरताना थोरल्या जुळीने धाकटीला हात दिला आणि म्हणाली, "सांभाळ, ओलं आहे." मी ऐकलं. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याची गोष्ट करून ह्यांच्या फोटोला सांगितली असती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिला. आलेल्या मतांतली जवळजवळ सगळी सिस्टरला. मतदान एकतीस टक्के आणि काही. तेहेतीसच्या वर हवं होतं. सिस्टर जिंकली आणि निवडून आली नाही. खाली लिहिलं होतं, "निवडणूक रद्द. पूर्वीचे निर्णय कायम."

जितकी मतं कमी पडली तितकी माणसं कुठे राहतात हे सिस्टर बोटांवर मोजू लागली. चढ, गिरणीच्या खोल्या. मी म्हटलं, "नको मोजू."

तिने हात खाली घेतला. "ताई, मी कोणाला दोष देत नाही."

"मी त्यांना थांबवलं, सिस्टर. ते चालत येणार होते."

ती रडली नाही. बावीस वर्षं गाडीत मागे बसलेली बाई आहे ती. माझ्या खांद्याला धरून तिने मला बाकावर बसवलं, पेशंटला बसवतात तसं, मान सांभाळून.

संध्याकाळी टिल्लू आला. एका गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हणे, आणि दुसरीच्या ड्रायव्हरला ताप. फोनची बॅटरी संपली. दोन्ही गाड्यांना एकाच दिवशी! नशीब एकदा रुसलं की चहूकडून रुसतं. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्याला चहा करून दिला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सूनबाई एकटीच आली. बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, "आई, गाड्या बिघडल्या नव्हत्या. कारखान्याच्या मागे उभ्या होत्या. तो आत बसून होता. दिवसभर. जेवलासुद्धा नाही."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "दुरुस्त करत बसला असेल."

ती म्हणाली, "हो, आई." आणि चहा न पिता गेली.

तिचा कप अजून ओट्यावर आहे. मी धुवायला घेते आणि परत ठेवते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी मुद्दाम गॅरेजवर गेले. फोन न करता.

दोन्ही व्हॅन पांढऱ्या झाल्या आहेत. वर दिवा बसवला आहे. आतली बाकडी काढून स्ट्रेचरची जागा केली आहे. बोर्ड रंगवणारा माणूस स्टुलावर बसून लाल अक्षरं भरत होता. "परिषद मान्यताप्राप्त रुग्णवाहतूक सेवा." त्याखाली ह्यांचं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

तो म्हणाला, "तुम्ही कोण?"

मी ह्यांच्या नावाकडे बोट केलं. "ह्यांची बायको."

तो स्टुलावरून उतरला. ब्रश मागे धरून उभा राहिला. "मुलाने नाव काढलं हो वडिलांचं. सभापती स्वतः येणार आहेत उद्घाटनाला. पलीकडच्या दवाखान्यात पेशंट न्यायचं सगळं काम यालाच दिलंय, विभाग बंद असेपर्यंत."

विभाग बंद असेपर्यंत.

त्या सेक्रेटरीच्या टायरला काही झालं नव्हतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, लिहिलंही होतं. मागची पानं आज वाचली. एखादी मासिकातली बाई अशी वागली असती तर मी म्हटलं असतं, इतकी कशी ही आंधळी? सगळं समोर मांडलेलं आहे.

शेवटचं पान तेवढं मी फाडत होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

टिल्लू आला. दारात वाकायला विसरला, डोकं आपटलं. एरवी मी हसते.

"बोल की आई. शिव्या दे."

मी काज करत होते. करत राहिले.

"विभाग मी बंद केला का? सिस्टर निवडून येऊन काय करणार होती? एकटी बाई. वर्षानुवर्षं भांडत बसली असती, आणि तोवर माणसं बेकरीच्या गाडीतून गेली असती. कोणीतरी न्यायला तर हवंच ना! मी नेईन. आई, बाबांसाठी कोणी आलं नाही. आता कोणीही बोलावलं तरी गाडी येईल. दहा मिनिटांत. बाबांचं नाव लिहून येईल."

तो खोटं बोलत नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. त्याला ते मनापासून वाटतं.

मी विचारलं, "मग त्या दिवशी फोन का उचलत राहिलास? येत नाही म्हणाला असतास तर ती माणसं चालत गेली असती."

तो खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, कंटाळून जातील उठून."

"त्यांना मी सांगितलं होतं, माझा मुलगा येणार आहे."

त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "टोपी देतेस का? उद्घाटनाला?"

"नाही."

पोटच्या पोराला एवढ्या आखूड शब्दात मी आजवर काही नाकारलं नव्हतं. तो गेल्यावर बघितलं तर काज वाकडं आलं होतं. उसवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उद्घाटन झालं म्हणे. मी गेले नाही. मास्तरही दुकानात आले नाहीत. पायऱ्यांच्या दिवसापासून त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतो. अंथरुणातून मला म्हणाले, "टिल्लूवर फार रागावू नका."

"तुम्ही सांगताय?"

"कापड एकदा वाकडं कापलं गेलं की गेलं. पण म्हणून कोणी चुलीत घालत नाही, वहिनी. लहान काहीतरी शिवतात त्यातून."

१६ नोव्हेंबर, रविवार

कालचं लिहिते.

सकाळी मास्तरांच्या सुनेने भिंतीवर थाप मारली. मी गेले. ओठ निळे, डोळे वर. तिने मला विचारलं, "कोणाला बोलावू?" दुसरं कोण आहे बोलवायला? मीच फोन केला. स्वतःच्या मुलाला, अनोळखी माणसाला सांगावं तसा पत्ता सांगितला.

दहा मिनिटंही लागली नाहीत. लाल अक्षरं गल्लीत शिरली. टिल्लू धावत आत आला, मास्तरांना त्याने लहान मुलासारखं उचललं. जपून, मान सांभाळून. ते त्याला कोणी शिकवलं हे मला माहीत आहे.

मास्तरांनी जाकिटाकडे हात केला. सून म्हणाली, आता कशाला. मी ते अंगावर घातलं त्यांच्या, वरून पांघरल्यासारखं.

मी मागे बसले, सिस्टर बसायची त्या जागेवर. दिवा फिरत होता, भोंगा वाजत होता, लोक बाजूला होत होते. टिल्लू सुरेख गाडी चालवत होता. आणि फाटक बंद होतं.

मालगाडी. एकेक डबा संथपणे. भोंग्याला ती काय भीक घालणार? टिल्लूने भोंगा बंद केला. मग फक्त डब्यांचा आवाज आणि मास्तरांची शिट्टी.

त्यांनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी आली ना, वहिनी?"

"आली, मास्तर."

"मी म्हणत होतो त्यांना. येईल. पोराने शब्द दिलाय." थोडं थांबून श्वास गोळा केला. "शाळा बंद नाही ना झाली?"

मी म्हटलं, "नाही. तुमच्यासाठी थांबलेत."

त्यांचा हात बटणं शोधत होता. मी एकेक करून लावून दिली. पाचही. शेवटचं लावलं तेव्हा शिट्टी थांबलेली होती.

समोर टिल्लूची पाठ दिसत होती. मानेपाशी केस हुबेहूब ह्यांच्यासारखे वळतात. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचे खांदे हलत होते आणि हात चाकावर तसेच होते, दोन्ही, ह्यांनी शिकवले तसे.

शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं. पुढच्या गाड्या निघून गेल्या. आमची हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

मी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, बाळा," मी म्हटलं. "हळू चल. आता घाई नाही."